हिरड्यांतून रक्त येते तेव्हा आत काय घडते?



सकाळी नळाला पाणी येते तेव्हाची आपल्या शिवडीच्या वस्त्यांतली घाई सगळ्यांना ठाऊक आहे. हंडे-कळशा भरायच्या, मुलांना शाळेला पाठवायचे, कामावर जाणाऱ्याचा डबा करायचा. या गडबडीत कोणी उंबऱ्यावर बसून मिशरी लावते, कोणी बोटाने दंतमंजन फिरवते, कोणी घाईघाईत ब्रश मारते. चूळ थुंकली की मोरीत लालसर धार दिसते. पाणी ओतले की ती वाहून जाते आणि आपण विसरून जातो.

विहारात वंदनेनंतर आयाबायांशी आरोग्यावर बोलताना आम्ही हा विषय काढला, की चार उत्तरे हमखास येतात. 'अंगात उष्णता वाढली असेल.' 'ब्रश टोचला असेल.' 'आता वय झाले.' आणि चौथे, 'आमच्या आईचेही दात चाळिशीतच पडले, आमच्या घराण्यातच आहे.' यातल्या चौथ्या उत्तरात थोडे तथ्य आहे, ते पुढे सांगू. बाकीची तीन उत्तरे आपल्याला गाफील ठेवतात.

निरोगी हिरडीतून रोजच्या साध्या घासण्याने रक्त येत नाही. हात धुताना रोज तळहातातून रक्त आले असते, तर आपण स्वस्थ बसलो असतो का? हिरडीच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षे स्वस्थ बसतो, कारण ती दुखत नाही. हा आजार न दुखता वाढतो. दात हलू लागतो तेव्हा आपण जागे होतो, आणि तोवर दाताखालचे हाड बरेचसे गेलेले असते.

हे हाड कोण खाते? आपण म्हणतो, 'किडे लागले.' पण शास्त्र सांगते ते वेगळेच आहे. हिरडीतले जंतू आग लावतात हे खरे. घराची मोडतोड मात्र बहुतांशी आपल्याच शरीराच्या रक्षक पेशी करतात. हे कसे घडते ते या वेळी नीट समजून घेऊ. ते समजले की ब्रश कशासाठी करायचा, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

दातावरचा चिकट थर

आपल्या तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. दात स्वच्छ घासले तरी काही तासांत दातांवर पुन्हा एक पातळ, चिकट थर बसू लागतो. डॉक्टर त्याला 'प्लाक' म्हणतात. रात्री झोपण्यापूर्वी दात घासले नाहीत, तर सकाळी दातांवरून जीभ फिरवताना जो बुळबुळीतपणा लागतो, तो हाच.

या थरात जंतू एकमेकांना धरून, स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात दडून बसतात. त्यामुळे नुसती चूळ भरून तो निघत नाही, घासूनच काढावा लागतो. तसाच राहिला, तर लाळेतले क्षार त्यात साचतात आणि तो दगडासारखा कडक होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. कीटण एकदा चढले की ब्रशने निघत नाही, दातांच्या डॉक्टरांकडून काढून घ्यावे लागते. कीटणाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर नवा थर आणखी लवकर बसतो, आणि तो हळूहळू हिरडीच्या आत उतरत जातो.

आत खोलवर हवा पोहोचत नाही. तिथे वेगळ्या जातीचे जंतू वाढतात. त्यातला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला जंतू म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. नाव लांबलचक आहे, पाठ करण्याची गरज नाही. या लेखात त्याला 'हिरडीचा जंतू' म्हणू.

पेशीतला भोंगा

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरचा जंतू शरीरात शिरला की त्याला ओळखणे, गिळणे, मारणे आणि इतर पेशींना बोलावणे ही त्यांची कामे. यातल्या काही पेशी रक्तातून बाहेर पडून हिरडीच्या मांसात पहाऱ्यावर बसतात. त्यांना भक्षक पेशी म्हणू.

भक्षक पेशीला जंतू ओळखता येतो, कारण तिच्या पृष्ठभागावर पहारेकरी असतात. 'टोल-लाइक रिसेप्टर' हे त्यांचे नाव. जंतूच्या अंगावर चरबी आणि साखर यांचे मिळून एक आवरण असते. आपल्या शरीरात तसा पदार्थ कुठेच नसतो. पहारेकऱ्याचा हात त्या आवरणाला लागला, की परका आत आला हे त्याला कळते. या पहारेकऱ्यांचा शोध लावणाऱ्या ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर या शास्त्रज्ञांना २०११ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुढचे. प्रत्येक पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात जनुके असतात. जनुक म्हणजे शरीराला लागणारे एखादे प्रथिन कसे बनवायचे, याची लिहून ठेवलेली सूचना. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशा सुमारे २०,००० सूचना असतात. पण सगळ्या एकाच वेळी उघडलेल्या नसतात. डोळ्याची पेशी आपल्या कामाच्या सूचना उघडते, यकृताची पेशी आपल्या कामाच्या. भक्षक पेशीत दाह निर्माण करणाऱ्या सूचना एरवी मिटलेल्या असतात. धोका आला तरच त्या उघडायच्या असतात.

त्या उघडतात कशा, हे समजायला आपल्या गिरणगावाचेच उदाहरण घेऊ. आपल्या आजी-आजोबांना गिरणीचा भोंगा आठवत असेल. भोंगा वाजला की चाळीचाळींतून कामगार बाहेर पडत. पेशीतही असा एक भोंगा वाजवणारा आहे. त्याचे नाव एनएफ-कप्पा-बी. १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी तो शोधून काढला. शांततेच्या काळात तो केंद्रकाच्या बाहेर असतो. दुसऱ्या एका प्रथिनाने त्याला जणू कुलूप घालून ठेवलेले असते. पहारेकऱ्याने जंतू ओळखला की पेशीच्या आत निरोप जातो. काही मिनिटांत ते कुलूप तोडले जाते. मोकळा झालेला भोंगेवाला केंद्रकात शिरतो आणि दाहाच्या सूचना भराभर उघडतो.

त्या सूचनांवरून पेशी जी प्रथिने बनवते, त्यांची नावे तुमच्या रिपोर्टवर कधीतरी दिसतील: टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८. यातली काही रक्तवाहिन्या रुंद करतात, म्हणून हिरडी लाल होते. काहींमुळे रक्तातले पाणी बाहेर झिरपते, म्हणून ती सुजते. इंटरल्यूकिन-८ आणखी पांढऱ्या पेशींना हाक मारते. हे सगळे आपल्या भल्यासाठीच असते. बोटाला जखम झाली की हेच घडते आणि जखम भरते.

या यंत्रणेत आणखी एक शहाणपण आहे. भोंगा वाजला की त्याच सूचनांमधून नवे कुलूपही तयार होऊ लागते. जंतू मेले, धोका टळला, की नवे कुलूप बसते आणि भोंगा थांबतो. हिरडीत मात्र रोज नवा थर बसतो. जंतू हटतच नाहीत. कुलूप बसते न बसते तोच पुन्हा तुटते. भोंगा महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे वाजत राहतो.

आपल्याच पेशी, आपलेच हाड

भोंगा थांबला नाही, की गर्दी वाढत जाते. आलेल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर जहाल रसायने सोडतात. जागा अरुंद असते, त्यामुळे ही रसायने आजूबाजूच्या निरोगी मांसालाही जाळतात. हिरडीला दाताशी बांधून ठेवणारे दोरखंडासारखे धागे तुटू लागतात. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल गेली, की डॉक्टर सावध होतात.

खिशाच्या आतले अस्तर नाजूक होऊन फाटलेले असते. ब्रश लागला की तिथूनच रक्त येते. म्हणजे ब्रशने जखम केलेली नसते, जखम आधीचीच असते. ब्रश ती फक्त दाखवतो.

शेवटी दाहाचा निरोप हाडापर्यंत पोहोचतो. आपल्या हाडात जुने हाड विरघळवणाऱ्या पेशी असतात आणि नवे हाड घालणाऱ्याही असतात. एरवी दोघींचे काम बरोबरीने चालते. दाहाच्या निरोपामुळे विरघळवणाऱ्या पेशी जोरात येतात. दाताभोवतीचे हाड इंचाइंचाने नव्हे, केसाकेसाने खाली सरकते. काही वर्षांनी दात हलतो. यालाच आपण पायोरिया म्हणतो. गेलेले हाड आपोआप परत येत नाही.

रक्त हे त्यांचे जेवण

हिरडीचा जंतू फार चलाख आहे. तो संख्येने थोडा असतो, पण सगळ्या थराचे वळण बदलून टाकतो. आपल्या अंगावरचे आवरण तो बदलू शकतो, त्यामुळे पहारेकरी फसतो. प्रथिने कापणारी कात्रीसारखी रसायनेही तो सोडतो. त्यांनी आपल्या संरक्षणाच्या यंत्रणेचे नेमके काही भाग तुटतात. परिणाम असा, की पांढऱ्या पेशी येतात, दाह करतात, पण जंतूला मारण्याचे त्यांचे काम मात्र अर्धवट राहते.

त्याला दाह हवाच असतो. कारण सुजलेल्या हिरडीतून रक्त झिरपते आणि रक्तात लोह असते. लोहाशिवाय या जंतूची वाढ होत नाही. तुटलेल्या मांसातली प्रथिनेही त्याला खायला मिळतात. दाह झाला की रक्त येते, रक्त आले की जंतू वाढतात, जंतू वाढले की दाह वाढतो. असे हे चक्र आहे.

आता आपण काय करतो ते पाहा. रक्त दिसले की आपण घाबरतो आणि त्या बाजूला ब्रश लावणेच सोडून देतो. म्हणजे नेमक्या त्याच ठिकाणी जंतूंना ताट वाढून देतो. खरे तर जिथे रक्त येते, तिथेच हलक्या हाताने जास्त काळजीपूर्वक घासले पाहिजे.

घासले नाही तर काय होते?

१९६५ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा दात घासणे सुरू केले. साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगातून दोन गोष्टी कळल्या. थर साचला की दाह होतोच. आणि हाडापर्यंत पोहोचण्याआधी थर हटवला, तर दाह पूर्ण जातो.

त्याच लो यांनी पुढे श्रीलंकेतल्या चहामळ्यांतील ४८० मजुरांच्या हिरड्यांची १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे तपासणी केली. या मजुरांना दातांच्या डॉक्टरांची सोय नव्हती आणि दात घासण्याची सवयही नव्हती. सगळ्यांच्या दातांवर थर होता, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी सुमारे ८ टक्के मजुरांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही.

घाण तीच, मग फरक का? कारण भोंगा किती जोरात वाजायचा, हे प्रत्येकाच्या शरीरावर अवलंबून असते. 'आमच्या घराण्यातच आहे' या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच. ज्यांच्या आईवडिलांचे दात लवकर गेले, त्यांनी नशिबाला बोल लावू नये. त्यांनी इतरांपेक्षा दुप्पट जपावे.

आपल्या शेजारचे संशोधन

परळचे टाटा रुग्णालय आपल्याला परके नाही. त्याच टाटा मेमोरियल सेंटरची खारघर येथे अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. अमित दत्त यांच्या गटाने केलेला एक अभ्यास २०२२ साली 'एनएआर कॅन्सर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्तन, फुप्फुस, पित्ताशय, गर्भाशयमुख, मोठे आतडे, तसेच डोके व मान यांच्या कर्करोगांच्या गाठींची जनुकीय माहिती घेऊन, त्यात १,०६० प्रकारच्या जंतूंचा माग त्यांनी काढला.

डोके व मानेच्या, म्हणजे तोंडाच्याही कर्करोगाच्या गाठींत त्यांना फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू लक्षणीय प्रमाणात आढळला. हाही दातांवरच्या थरातलाच जंतू. थरातल्या इतर जंतूंना एकमेकांशी जोडणारा पूल म्हणून तो ओळखला जातो. जिभेच्या ज्या गाठींत तो जास्त होता, तिथे इंटरल्यूकिन-१, ६ आणि ८ यांचीही जनुके जास्त जागी झालेली दिसली. म्हणजे आपण वर पाहिला तोच भोंगा. अशा रुग्णांत कर्करोग मानेतल्या गाठींपर्यंत पसरण्याचे प्रमाण जास्त होते आणि रुग्ण जगण्याचे प्रमाण कमी होते.

याचा चुकीचा अर्थ घेऊ नका. हिरडीतून रक्त आले म्हणजे कर्करोग झाला, असे अजिबात नाही. जंतूमुळेच कर्करोग होतो, असेही हा अभ्यास म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, एवढेच तो सांगतो. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आणि सुपारी हेच आहे. पण तोंडात वर्षानुवर्षे दाह पेटता ठेवणे चांगले नाही, हे यातून नक्की कळते.

मिशरीबद्दल स्पष्ट बोलू

मिशरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. 'तिने दात घट्ट राहतात', 'हिरडी शेकते', 'पोट साफ होते', असे म्हणत ती आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आली. हातात पैसा नव्हता, ब्रश-पेस्ट दुकानात होती पण घरात नव्हती, अशा काळात ती दातवण म्हणून घरात शिरली आणि व्यसन बनून राहिली. मिशरी लावणाऱ्या आयाबायांना आम्ही दोष देत नाही. पण खरे सांगणे हे आमचे काम आहे.

१९९० च्या दशकात मुंबई शहरात ३५ वर्षांवरील ९९,५९८ लोकांची पाहणी झाली. त्यात ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करताना आढळल्या. त्यांच्यात धूम्रपान जवळजवळ नव्हतेच. मिशरीसारखी धूर नसलेली तंबाखूच होती.

मिशरीतला निकोटिन रक्तवाहिन्या आकसतो. सुजलेली हिरडी काही वेळ बरी वाटते. रक्त कमी दिसते. म्हणून वाटते, मिशरीने गुण आला. प्रत्यक्षात आतला भोंगा वाजतच असतो, आपण फक्त कानात बोळे घातलेले असतात. जिथे मिशरी रोज लागते तिथे हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते, गाभा सळसळतो. आणि तंबाखू कर्करोगाला बोलावते ते वेगळेच.

गरोदर लेकी-सुनांसाठी आणखी एक गोष्ट. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. यातल्या बहुतेक जणी मिशरीच वापरत होत्या. पोटातल्या बाळाने मिशरी मागितली नव्हती.

साखर आणि हिरडी

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. साखर जास्त असेल तर दाह जास्त पेटतो, जखम भरत नाही आणि हाड लवकर जाते. उलट बाजूने, हिरडीतली दाहाची प्रथिने रक्तात मिसळली की इन्सुलिनचे काम अडते. म्हणून हिरड्यांवर उपचार केल्यावर मधुमेहाच्या रुग्णांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, थोडी उतरते. अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला हा आकडा ३ ते ४ महिन्यांनंतर सुमारे ०.४३ इतका आहे. आकडा लहान वाटेल, पण तो गोळी न वाढवता मिळालेला आहे. तेव्हा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या काका-मावशींनी हिरड्याही तपासून घ्याव्यात. आणि हिरड्या वारंवार सुजत असतील, तर साखर तपासावी.

२०२२ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात असेही दिसले, की हिरडीतल्या दाहाचा निरोप हाडाच्या मगजापर्यंत जातो. तिथे तयार होणाऱ्या नव्या पांढऱ्या पेशी आधीच तापट बनून बाहेर पडतात आणि सांध्यांचा दाह वाढवतात. माणसांत हे किती घडते, यावर काम सुरू आहे.

आता करायचे काय?

१. रात्रीचा ब्रश चुकवू नका. दिवसातून दोनदा घासायचे. एकदाच जमत असेल, तर झोपण्यापूर्वी. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्र जंतूंच्या सोयीची असते.

२. मऊ ब्रश घ्या. तो दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर थोडा तिरका धरा आणि दोन मिनिटे हलक्या हाताने छोटे छोटे गोल फिरवा. जोर लावून आडवे घासू नका. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते.

३. पाण्याची अडचण असेल तर काळजी नको. अर्धा पेला पाणी खूप झाले. पेस्ट थुंकून टाका. फार चुळा भरल्या नाहीत तर फ्लोराइड दातांवर टिकते, ते उलट चांगले.

४. दोन दातांच्या फटीत ब्रश पोहोचत नाही. तिथे फ्लॉसचा धागा किंवा फटीत घालायचा छोटा ब्रश वापरा. शिवणकामाची सुई, पिन, काडेपेटीची काडी घालू नका.

५. घरातल्या प्रत्येकाचा ब्रश वेगळा हवा. केस वाकले की किंवा तीन महिन्यांनी बदलावा.

६. मीठ-पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, पण कीटण निघत नाही. कीटण डॉक्टरांकडूनच काढून घ्या. 'दात साफ केले की सैल होतात', 'फटी पडतात', ही भीती खोटी आहे. कीटणाने भरलेली फट रिकामी झाली आणि सूज उतरली, म्हणून तसे वाटते. काही दिवस गार पाणी लागते, मग थांबते.

७. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका. शिवडीचे टी.बी. रुग्णालय आपल्या शेजारी आहे, त्यामुळे औषधाचा पूर्ण कोर्स म्हणजे काय हे आपल्याला चांगले माहीत आहे. पण टी.बी.चा कोर्स पूर्ण केला की आजार संपतो, तसे इथे होत नाही. हिरडीचे जंतू थरात दडलेले असतात आणि थर रोज नवा बसतो. गोळ्यांनी चार दिवस बरे वाटेल. थर काढला नाही, तर आजार परत येईल.

८. नीट घासायला लागल्यावर पहिले काही दिवस रक्त येईल. घाबरून थांबू नका. दोन आठवड्यांनीही येत राहिले, तर डॉक्टरांना दाखवा.

९. मिशरी सोडायची असेल, तर एकटीने झगडू नका. घरच्यांना सांगा, शेजारणीला जोडीला घ्या. तल्लफ काही मिनिटांची असते. तेवढा वेळ कामात मन घाला, पाणी प्या. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे: १८०० ११२ ३५६.

कुठे जायचे?

शिवडीहून हार्बरची गाडी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. तिथून जवळच, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. दोन्हीकडे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. आधीचे रिपोर्ट, साखरेच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी, बरोबर न्या. गरोदर स्त्रियांनीही दात दाखवायला घाबरू नये. मात्र गरोदर असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

पुढील लक्षणे दिसली तर वाट पाहू नका: हिरडीतून पू येणे, दात हलणे, दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे. ताप आलेला असताना, किंवा काही न लागता हिरड्यांतून आपोआप भरपूर रक्त येत असेल, तर ते डेंग्यूसारख्या दुसऱ्या आजाराचे लक्षण असू शकते. तेव्हा दातांच्या डॉक्टरांची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.

शेवटी थोडे

दात घासणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिल्याचा प्रसंग आहे. दात न घासल्याने तोंडाला दुर्गंधी येते, अन्नाची चव लागत नाही, असे त्याचे तोटेही तिथे सांगितले आहेत. त्या काळी जंतू कोणी पाहिले नव्हते. पण रोज दात घासणे हा भिक्खूंच्या दिनचर्येचा भाग झाला.

आज आपल्याला जंतू माहीत आहेत, पेशीतला पहारेकरी, त्याचे कुलूप आणि भोंगाही माहीत झाला आहे. आपल्या पेशी आपल्या विरोधात नाहीत. धोका आहे तोवर त्या भोंगा वाजवत राहणारच. रोज रात्री दोन मिनिटे देऊन तो धोका हटवणे आपल्या हातात आहे. उद्या सकाळी मोरीत लाल रंग दिसला, तर पाणी ओतून विसरू नका. आणि घरातल्या मुलांना विचारा, 'तुझ्या हिरडीतून रक्त येते का रे?' आपल्या आयांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

जय भीम. नमो बुद्धाय.